सेल कोन खाऊन राहिलं

"सेल काय झाडाले लागतेत?" लोखंडी कपाटात डोकं घालून कांताबाई पुटपुटल्या. "आपन जपून जपून वापराचं, अन् कोनीतरी खाऊन राहिलं."

बोलणं कपाटाशी होतं, पण कपाटाला त्याचं काय! मागे हातभर अंतरावर गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या त्यांच्या सुनेला, रोशनीला, ते बरोबर पोचलं. पोचावं म्हणूनच होतं.

भांडण एका खेळण्याचं होतं. तळहातात मावणारा राखाडी ब्रिक गेम. वरून ठोकळे पडतात, खाली ते नीट रचायचे. रोशनीचे सासरे देवाजी यांनी तो सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतला होता. बुटीबोरीच्या गिरणीत जाता-येता कंपनीच्या बसमध्ये ते तोच खेळत. घरीही तेच. कांताबाईंनी जेवायला हाक मारली की वैतागून पॉजचं बटण दाबत. पडता ठोकळा अधांतरी थांबे, कोपऱ्यात चहाच्या कपाचं इवलं चित्र उमटे आणि देवाजी मान वर करून म्हणत, "हां, बोल वं, ऐकून राहिलो."

दिवाळीच्या आसपास ते बसमध्येच गेले. डुलकी लागली असेल म्हणून ड्रायव्हरने शेवटच्या स्टॉपपर्यंत उठवलं नाही. गेम हातात चालूच होता आणि त्यावर त्यांचा आजवरचा सगळ्यात मोठा नंबर होता.

त्या गेमची गोम अशी, की सेल काढले किंवा संपले की नंबर शून्य. म्हणून कांताबाईंनी सेल जपायला घेतले. आवाज बंद. उन्हाने सेल पाझरतात म्हणून गेम स्टीलच्या डब्यात आणि डबा माठाच्या तिवईखाली गारव्याला. फक्त पौर्णिमेला, वंदना झाल्यावर चालू करायचा, नंबर बघायचा, डोळे पुसायचे, बंद करायचा.

माघ पौर्णिमेला नंबर वाढलेला निघाला.

"मी?" रोशनी भडकली होती. "लॅबमध्ये लोकाइचं रक्त काढू काढू बोटं दुखतेत माह्ये, अन् घरी येऊन मी ठोकळे खेळीन?"

"मंग कोन? या घरात अजून कोन हाय?"

विचारलं आणि कांताबाईंची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो होता. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, त्या दिवसापासून भूत-भानामती, अंगारे-धुपारे सगळं या घराच्या उंबऱ्याबाहेर गेलं होतं. गल्लीत कोणी पोराची दृष्ट काढताना दिसलं तरी कांताबाई थांबून चार शब्द सुनवायच्या. अशा घरात सेल खाणारा माणूस जिवंतच असायला हवा. सून आयती हाताशी होती.

डबा कपाटात गेला, किल्ली कांताबाईंच्या कमरेला. तरी फाल्गुनात नंबर वाढला. चैत्रातही. म्हणून आजची ही पुटपुट.

"सेल उतरले का आकडे चुकतेत, आई," रोशनीचा नवरा अंकुश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. तिघांनाही ते पटलं. पटवून घेतलं.

पुढच्याच रविवारी भर दुपारी लाइट गेली. कूलरची घरघर थांबली, घर एकदम पोकळ झालं. त्या पोकळीत रोशनीला कपाटातून आवाज आला. मऊ, घाईचा. रबरी बटणं दाबल्याचा.

टप. टप टप.

कांताबाई खाटेवर घोरत होत्या. किल्ली उशाशी.

रोशनीला भीतीच्या आधी राग आला. उंदीर असो की कोणी, आज सासूच्या पुढ्यात नेऊन ठेवायचंच. तिने किल्ली उचलून कपाट उघडलं. आवाज थांबला. डबा गार होता. आतला गेम कोमट होता, कुणाच्या हातातून आत्ताच घेतल्यासारखा. तिने मागचं झाकण सरकवलं.

सेल नव्हते.

स्प्रिंगांवर हिरवट गंज चढला होता. कडेला पांढरी भुकटी सुकून बसली होती. काल-परवा काढलेले नव्हते ते.

तिने झाकण लावलं, डबा लावला, कपाट लावलं. किल्ली होती तशी ठेवली.

संध्याकाळी अंकुशने भिंतीवरच्या घड्याळासाठी सेल आणले.

"गेमसाठीबी आनाचे न दोन," ती मुद्दाम म्हणाली.

"त्याले नाई लागत," तो बोलून गेला. मग घड्याळाचं झाकण त्याच्याच्याने बराच वेळ बसेना.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाढून झाली. कांताबाईंनी गेम चालू केला. नंबर बघितला आणि वाटी बाजूला सारली.

"लाज हाय का वं तुले? गेल्या मानसाची एवढी एकच गोष्ट होती घरात. त्याइचा नंबर पुसून आपला लावून राहिली!"

"आता मी बोलतेच, आई..."

"रोशनी, नको," अंकुश म्हणाला.

"काहून नको? चोर म्हनून मी ऐकू, अन् बोलू नको?" तिने सासूच्या हातातून गेम घेतला, उलटा केला, झाकण काढून समोर धरला. "पाहा! कोनाचे सेल खाल्ले मी?"

कांताबाईंनी बघितलंच नाही.

"मीच काढले," त्या म्हणाल्या. "ते गेले त्याच हप्त्यात. पाझरले होते. तरी नंबर गेला नाई. मले बरं वाटलं, खोटं काहून बोलू? मंग वाढाले लागला."

"अन् मले बोलून राहिल्या इतके दिवस?"

"तुले बोललं का वाटे, तूच खेळून राहिली."

रोशनीने झाकण लावून गेम सुलटा केला.

टप.

तिच्याच हातात. तिचा अंगठा कडेला होता.

बटण दबलं, वर आलं, पुन्हा दबलं. ठोकळे पडत होते, वळत होते, नेमक्या जागी बसत होते.

अंकुशने आजोबांच्या फोटोकडे पाठ केली.

कांताबाईंनी पदर सारखा केला आणि जेवायला हाक मारायच्या त्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या, "अजी, तुमी मेले. बसमध्येच मेले. ठेवा आता ते."

पडता ठोकळा अधांतरी थांबला. कोपऱ्यात चहाचा कप उमटला.