रामजी कारीगराच्या गाठी

"माझे बाबा काय बालवाडीत आलेत का हो?"

धम्मरत्नशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य! आता आठवलं की जीभ चावते, पण त्या दिवशी डोकंच फिरलं होतं.

१९९६ सालची गोष्ट. लूमच्या कारखान्यात, आमच्या सुरतेच्या भाषेत खात्यात, बाबांचा, म्हणजे रामजी कारीगराचा, उजवा हात पट्ट्यात सापडला. जखम भरली, बोटं मात्र ताठच राहिली. मी त्यांना घेऊन इस्पितळात गेले, तर हाताचे व्यायाम घेणारा हा कुरळ्या केसांचा साहेब, धम्मरत्न, त्यांच्यापुढे लाल-पिवळ्या खुंट्या मांडून बसलेला. एकेक उचला आणि भोकात घाला म्हणे! वीस वर्षं लूम चालवलेला माणूस मान खाली घालून बसला होता.

मला वाटलं, साहेब आता खेकसणार. पण तो म्हणाला, "मग तुम्ही सांगा, बेन. काय द्यावं यांना?"

असं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. नवागामच्या आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फळ्यावरचं वहीत उतरवायचं, एवढंच चाललं होतं. पुढे काय, विचारलं की मी विषय बदलायचे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं. जुन्या पाटीची चौकट काढली, तिच्यावर लूमसारखे साठ धागे ताणले आणि मधले दहा तोडून टाकले. चौकट बाबांसमोर ठेवली, तशी त्यांची नजर बदलली.

"तार तुटलाय," खात्यातल्या बोलीत ते पुटपुटले आणि हात आपोआप पुढे गेला. पाव तास लागला… पण गाठ बसली! मी व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

पण तिसऱ्या दिवशी घोळ झाला. बाबांना पुन्हा सराव मिळावा म्हणून धम्मरत्नने आदल्या दिवशीच्या सगळ्या गाठी सुईने सोडून ठेवल्या होत्या.

बाबांचा चेहरा उतरला. "साहेब, काय खोट होती माझ्या गाठीत?"

कारीगराची गाठ सोडली म्हणजे त्याचं काम नापास केलं, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याचे कान लाल झाले.

"चुकलो, काका. माझंच चुकलं. मीच बांधून देतो."

बांधतो कसला! धागा नुसता निसटत होता. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "बेन, शिकवा ना."

"बेन म्हणजे बहीण! तसं म्हणणार असाल तर नाही शिकवणार."

"मग… काय म्हणू?"

"राखी."

"राखी," तो हळूच म्हणाला, आणि माझंच नाव मला नवं वाटलं.

मी त्याच्या चिमटीत धागा दिला, बोट धरून वळवलं. एकदा सुटला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा…

"मुद्दाम सोडलात ना?"

"छे! विद्यार्थी जरा मठ्ठ आहे, एवढंच."

"अरे सरका रे!" बाबांना काही बघवेना. त्यांनी धागा ओढून घेतला आणि ताठ बोटांनी गाठ मारूनही दाखवली. आम्ही तिघंही खळखळून हसलो.

आम्ही निघताना तो म्हणाला, "हाताला त्याचं काम परत मिळवून द्यायचं, याचंच शिक्षण असतं, राखी. ऑक्युपेशनल थेरपी. अहमदाबादला. तुमच्या डोक्यातून जे निघालं ना, ते मला पुस्तकं वाचूनही सुचलं नाही."

बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळत होता. फॉर्म त्यानेच आणून दिला. पण शुक्रवारी मुदत संपत होती, आणि आईने ठाम नकार दिला. "एकटी पोर अमदावादला? लागलेलं कॉलेज सोडून? डोकं ठिकाणावर आहे का?"

गुरुवारी सायकल दामटत तो नवागामला आला. "जय भीम, मावशी. माझे वडील रेल्वेच्या रुळावर घण मारायचे. घरात शिकलेला मीच पहिला. निघताना माझी आईही अशीच भ्यायली होती."

आईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग बाबाच बोलले, "सोना, जाऊ दे तिला. माझ्या हातासाठी केलं, ते आणखी चार जणांसाठी करील."

आईने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "दर रविवारी पत्र पाहिजे."

निघायच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात गेले. "तुमचे उपकार…"

"तेवढं नको," त्याने मला थांबवलं. "तुम्ही मला आवडता, राखी. पण उपकारापोटी हो म्हणणार असाल, तर… नकोच म्हणा."

आता मात्र मला राग आला. "उपकार फॉर्मचे! ते जन्मभर मानीन. पण साहेब असून तुम्ही एका कारीगराला 'चुकलो' म्हणालात, तेव्हाच मला आवडलात. तेव्हा कुठे होता फॉर्म?"

तो एकदम म्हणाला, "मी अहमदाबादला बदली मागतो!"

"खबरदार! बाबांची दोन बोटं अजून वाकत नाहीत. ती वाकवा… आणि मग या."