फेरातली जागा

पालघरच्या हॉलमधला कार्यक्रम रविवारी चारचा. विनोद सहा वर्षांच्या रिद्धीला घेऊन तीनलाच हजर! बोईसरच्या एका कारखान्यात दिवसभर मीटरचे आकडे टिपणारा माणूस तो. आपले पाड्यावरचे दोस्त स्टेजवर, तेही तिकीट लावून, म्हटल्यावर छाती फुगणारच की.

पाडा मनोरच्या आत, डोंगराला लागून. तिथे तारपा हे भोपळ्याचं फुंकवाद्य वाजलं की एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरायचा, आणि वाजत्या तारप्याला पाठ दाखवायची नाही. हा एकच नियम. नऊ वर्षांपूर्वी विनोदने तो मोडला. नोकरीचं बोलावणं आलं होतं, गाडी चुकली असती, म्हणून भर फेरात हात सोडवून तो सरळ चालू लागला. तारपा वाजवणारा अंकुश त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही. विनोदही पुन्हा पाड्यावर गेला नाही. रिद्धीने तर तो पाडा पाहिलाच नव्हता. नऊ वर्षं ते खुपत होतं. आज दोन शब्द बोलून मिटवून टाकू, असं त्याने ठरवलं होतं.

हॉलबाहेर झिपरू भेटला. काठी घेऊन फेर ओढायचा मान त्याचा.

"आलास? बरा केलास. तुजी जागा तशीच हाय."

"अरे, मी आता कसला नाचतोय! पोट बघ माझं."

झिपरू हसला नाही. "कुनाला दिली नाय आमी," तो म्हणाला, आणि रिद्धीकडे बघत राहिला. "तुजी पोर?"

पडदा उघडला. अंकुशने गाल फुगवले, आणि भोपळ्यातून तो जुना घोगरा सूर निघाला. विनोदचे डोळे भरून आले. फेरात आठ जण होते. पूर्वी विनोद ज्यांच्या मधोमध नाचायचा, त्या कुंदन आणि जमुना यांच्यामध्ये मात्र एक माणूस मावेल एवढी फट होती. दोघांचे हात त्या फटीत, कुणाच्या तरी कमरेवर टेकवल्यासारखे. नाच बसवताना ठरवलं असेल, विनोदने मनाशी म्हटलं.

पण फेर वळला की कुंदनचा हात ताणला जात होता. रिकामी हवा कुणाला ओढते काय?

त्याने पायांचे आवाज मोजले. मोजणं त्याचं रोजचंच काम. माणसं आठ, पावलं नऊ जणांची. पुन्हा मोजले. नऊच.

अंकुशने तारपा खुर्च्यांकडे वळवला. थेट विनोदकडे. झिपरूने काठी आपटून मान हलवली. चल.

"नाय," विनोद पुटपुटला. किती वर्षांनी तोंडात पाड्याची बोली आली होती.

झिपरूने खांदे उडवले.

कुंदन आणि जमुनाचे हात खाली सरकले. मांडीपर्यंत आले. तिथेच थांबले.

सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेएवढ्या उंचीवर.

विनोदने रिद्धीला उचलून खांद्यावर टाकलं आणि तो दाराकडे धावला. पुन्हा तारप्याला पाठ करून.

रिद्धीचं तोंड मात्र स्टेजकडे होतं.

रिक्षातही पोर सीटवर गुडघे टेकून मागे बघत होती. बोईसरला घराच्या दारातच विनोदची बायको दीपिका उभी होती.

"अगं, उलटी काय चालतेस? पडशील ना!"

रिद्धी पालघरच्या रस्त्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी येत होती. एकदाही अडखळली नाही. दोन्ही हात बाजूंना पसरलेले. आणि फ्रॉक कमरेशी दोन्हीकडून आत दबलेला, कुणीतरी घट्ट धरल्यासारखा.