मिक्सरवर शिवांजली

"तुमचं लग्न ठरलंय का हो?"

एवढंच तर विचारायचं होतं. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि बोटाखाली बटण असलं की माणसाला येतो तसला धीर येऊन शिवांजलीनं विचारून टाकलं होतं.

तुळजापूरच्या एका कॉलेजचं मैदान, रविवारची दुपार, चारला कार्यक्रम. स्टेजसमोर पन्नासेक पावलांवर छोटा मांडव, मांडवात आवाज कमीजास्त करायचा मिक्सर, आणि मिक्सरमागं शिवांजली. वय एकवीस. नळदुर्गच्या शिवपुत्र साउंडवाल्यांची थोरली लेक. तिच्या मागं शुभांगी आणि कॉलेजच्या आणखी दोघी शेंगा फोडत बसलेल्या.

"तो संबळवाला बघ," शुभांगी म्हणाली होती. "सकाळपासून तुझ्याकडं बघून मान हलवायलाय."

"येडे, मॉनिटरमधी ऐकू येतंय का ते सांगतोय तो."

"मग तूच विचार की, लग्न ठरलंय का म्हणून. न्हाय व्हायचं तुझ्यानं."

मिक्सरला टॉकबॅकचा एक बारका माइक असतो. त्यातलं बोलणं मैदानात जात नाही, फक्त स्टेजवरच्यांच्या कानातल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे इअरफोनमध्ये, ऐकू येतं. ते एकट्या संबळवाल्याच्या इअरफोनमध्ये सोडता येतं, नाही तर सगळ्यांना एकदम. सकाळी सगळ्यांना सूचना देताना शिवांजलीनं ते 'सगळ्यांवर' ठेवलं होतं… आणि ते तसंच राहिलं होतं.

प्रश्न चौघांच्याही मॉनिटरमध्ये खणखणीत वाजला. कीबोर्डवाला हसता हसता कीबोर्डवरच आडवा झाला. ड्रमवाल्याची काठी निसटली. गायक युवराज तेवढा हसला नाही. तो मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढत होता, तो वाया गेला.

संबळवाला मात्र शांतपणे संबळासमोरच्या माइककडं वाकला. तो माइक चालूच होता.

"न्हाय," मैदानभर आवाज गेला. "आन् मॅडम, मॉनिटरमधी संबळ जरा वाढवता का?"

वडेवाल्यापासून खुर्च्या मांडणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी वळून बघितलं. शिवांजली मिक्सरखाली वाकून कुठलीतरी वायर शोधायला लागली. बरं तर बरं, तिचे वडील अप्पा आणि आई अव्वा तेव्हा देवीच्या दर्शनाला गेले होते.

कारण आज अप्पा परीक्षा घेणार होते. "उद्याचा कार्यक्रम एकटीनं काढ," ते काल म्हणाले होते. "मी समोर बसून ऐकतो. निभावलंस तर मिक्सर तुझा. न्हाय तर सोमवारी बी.एड.चा फॉर्म भर, आन् परत साउंडचं नाव काढू नको." दहावीपासून ती त्यांच्या हाताखाली शिकलेली. सहा वर्षं आज एका दुपारच्या हातात होती.

आवाजाचं चेकिंग संपल्यावर संबळवाला पाण्याची बाटली घेऊन मांडवात आला. मैत्रिणी एका दमात पसार.

"मी विरेश. मुरूमचा. मघाशी माइकवर बोलायला नको होतं मी."

"मी शिवांजली. मी विचारायलाच नको होतं."

"का बरं? घरचेपण रोज विचारतात. पण इतका स्वच्छ आवाज कुणाचाच न्हाय लागत."

शिवांजलीला हसू आवरेना. हा माणूस तिनं सकाळीच हेरून ठेवला होता, पण ते वेगळ्या कारणानं. सगळ्यांच्या आधी येऊन यानं विचारलं होतं, 'कुठं बसू? तुमच्या वायरी कुठून जाणारेत?' दुसऱ्याचं चेकिंग चालू असताना हा हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. असा वाजवणारा साउंडवाल्याला वर्षातून एखादाच भेटतो. बाकी युवराजसारखेच. तो तासभर उशिरा आला, माइकमध्ये फूः फूः करून फुंकर मारली, आणि तिची पाठ वळल्यावर आपल्या गिटारचा अॅम्प, म्हणजे गिटारचा वेगळा स्पीकर, हळूच दोन खुणा वर नेला.

"संबळ कुणाकडं शिकलात?"

"शेजारी गोंधळी काका होते. दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं… मग एक दिवस त्यांनीच हाक मारली."

चारला कार्यक्रम सुरू झाला. अप्पा-अव्वा तिसऱ्या रांगेत बसले. पहिलं गाणं संपलं तसा युवराज म्हणाला, "आमच्या पेजला फॉलो करा." दुसरं संपलं, "फॉलो केलं का?" तिसऱ्याच्या मध्येच तो एका हातात माइक, दुसऱ्यात मोबाइल घेऊन, लोकांसोबत स्वतःचा व्हिडिओ काढत स्टेजवरून खाली उतरला आणि थेट मोठ्या स्पीकरसमोर उभा राहिला.

माइक स्पीकरसमोर आला की होतं तेच झालं, कान फाटेल अशी शिट्टी वाजली. बायकांनी पोरांचे कान झाकले.

"साउंडवाली ताई," युवराज माइकवरच बोलला, "जमत नसलं तर वडलांना बोलवा की."

मैदान हसलं. तिसऱ्या रांगेत अप्पा खुर्चीचा हात धरून अर्धे उठले.

शिवांजलीचं बोट मिक्सरवरच्या, युवराजच्या माइकच्या सरकत्या पट्टीवर होतं. अर्धा इंच खाली ओढली की संपला असता तो. नुसतं तोंड हललं असतं त्याचं. एवढी ताकद आपल्या एका बोटात आहे, हे तिला आत्ता पहिल्यांदा कळलं आणि अंगावर काटा आला. पण ही माणसं गाणं ऐकायला आली होती. त्यांचं गाणं आपल्या रागापायी कसं बुडवायचं?

तिनं हातानंच अप्पांना 'बसा' अशी खूण केली. मग टॉकबॅक… या वेळी दोनदा बघून, एकट्या विरेशच्या कानात.

"विरेश, दोन मिनिटं एकटेच वाजवा. मला आवाज लावू द्या."

त्यानं मान वर केली नाही. फक्त काठ्या फिरल्या.

तिनं बाकीच्या पट्ट्या खाली घेतल्या, आणि मैदानात एकटं संबळ उरलं. हेडफोनमध्ये तिला ते असं ऐकू आलं, जसं आजवर काहीच ऐकलं नव्हतं. काठी चामड्याला लागते तो क्षण, त्यानंतरचा घुमारा, आणि दोहोंच्या मधली ती केसाएवढी शांतता… त्या शांततेतसुद्धा ताल होता. वडेवाल्याचा झारा कढईवर थांबला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे मिटून हात जोडले. मागं कुणीतरी टोपी काढली. अख्खं मैदान एका माणसाच्या दोन मनगटांवर तोललं गेलं होतं, आणि त्या मनगटांतलं वाजणं तिच्या दहा बोटांतून लोकांपर्यंत जात होतं. तिचे डोळे भरून आले, बोटं मात्र कामातच राहिली.

तेवढ्यात तिनं शिट्टी मारणारा सूर शोधून कापला, आणि फक्त युवराजच्या मॉनिटरमध्ये म्हणाली, "सर, वर या. अॅम्प दोन खुणा खाली घ्या. आवाज चांगला आहे तुमचा, मी लावून देते."

तो आला. आणि खरंच, नंतर काय गायला तो. मोबाइल त्याच्या खिशातच राहिला.

शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा विरेश माइककडं वाकला. "पेजवर नावं न्हाईत, म्हणून सांगतो. कीबोर्डवर कृष्णराज. ड्रमवर ईरण्णा. गायला युवराज. आन् आमाला तुमच्यापर्यंत पोचवलं… शिवांजलीनं."

स्वतःचं नाव त्यानं घेतलंच नाही. साउंडवाल्यानं मैदानात बोलायचं नसतं. तरी शिवांजलीनं टॉकबॅक सरळ मोठ्या स्पीकरला जोडला.

"आणि संबळावर, मुरूमचे विरेश."

लोक उभे राहिले.

ऊन मंदिराच्या बाजूला कलत होतं. सगळे फोटो काढायला गेले, आणि विरेश वायरी गोळा करत होता… कोपराभोवती, दोरखंडासारख्या.

"अहो, मारता काय वायर? असं आवळलं की आतून तुटते. एक वेढा सुलटा, एक उलटा. बघा."

"परत दाखवा."

"तीनदा दाखवलं की."

"पहिल्या दोनदा हाताकडं बघितलंच न्हाय मी," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "शिवांजली… माझं संबळ मला आज पहिल्यांदा ऐकू आलं. पुढं वाजवीन तिथं, मिक्सरवर तुम्ही असाल का? आन्… मिक्सर नसंल तिथंपण?"

तिनं वायरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून तो वेढा पुरा केला. बोटाला बोट लागलं, ते कुणी काढून घेतलं नाही.

"गुरुवारी घरी या," ती हळूच म्हणाली.

अप्पा गुडघा सांभाळत मांडवात आले, मागं अव्वा.

"शिट्टी वाजली, पोरी," अप्पा म्हणाले. "आता—"

"थांबा, अप्पा. तुमचा निकाल नंतर सांगा, आधी माझं ऐका." तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "फॉर्म मी भरणार न्हाय. तुमचा मिक्सर दिलात तर त्यावर, न्हाय दिलात तर दुसऱ्याच्या, पण मी आवाजच लावणार. आणि अव्वा, गुरुवारी विरेश जेवायला येतोय. मी बोलावलंय. मला आवडलाय तो."