करंजगडच्या सदरेवरचा हरताळ

सूर्य अजून कड्याआड होता, दरीतले धुके करंजगडाच्या तटाला बिलगून होते, आणि गेल्या माघात ज्या दिंडी दरवाजात किल्लेदार हैबतराव सुर्वे शत्रूचे वार छातीवर झेलीत पडले, त्याच दिंडीवरच्या नगारखान्यात पहाटेची नौबत झडत होती. ती कोणासाठी, तर नायब जैतोजी खानविलकरासाठी! वेढ्याच्या ऐन भरात, शत्रूकडून किल्लेदारीचे वचन घेऊन, ज्याने ती दिंडी आतून उघडली त्या माणसासाठी. हैबतराव एकटे आडवे उभे राहिले, शिबंदी जमा होईतो त्यांनी वाट रोखून धरली, म्हणून गड वाचला आणि वेढा उठला. मग जैतोजीने सरकारांना कळवले की दिंडी उघडली हैबतरावांनी आणि रोखली आपण.

गडावर खरे काय ते सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. कोणाला आपल्या चाकरीची काळजी, कोणाला लेकराबाळांची. मेलेल्या धन्याची बेअब्रू होताना ज्यांना अशा सबबी सुचतात, त्यांची मला शत्रूपेक्षा अधिक चीड येते.

मात्र एकजण न बोलता बोलून गेला होता. अंतोबा चितारी वेढ्यात तटावर दगड वाहत होता. दिंडीतला तो प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहिला होता. वेढा उठताच, कोणी हुकूम देण्याची वाट न पाहता, त्याने सदरेच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा चढवला, घोटून आरशासारखा केला, आणि दिंडीत तलवार उपसून उभे असलेले हैबतराव त्यावर रंगवले.

ज्येष्ठातल्या त्या सकाळी जैतोजी चित्रासमोर उभा राहिला.

"अंतोबा, काम नामी आहे. चूक एवढीच की माणूस भलताच काढलात."

"नायबसाहेब, दिंडीत जे उभे होते तेच काढले आहेत."

"तो फितूर होता!" जैतोजी कडाडला. मग आवाज उतरवून, हसत म्हणाला, "लिहिणाऱ्याचे अक्षर चुकले तर तो त्यावर हरताळ फासतो ना? तसा या तोंडावर फासा, आणि त्यावर आमचा चेहरा उमटवा. असा तेजस्वी करा की पाहणाऱ्याने डोळे मिटावेत. दसऱ्याला सरकारांची स्वारी येईल आणि याच भिंतीसमोर आम्हांस किल्लेदारीची वस्त्रे देईल. तोवर पडदा लावून ठेवा. सरकारांच्या आधी कोणाची नजर पडता कामा नये. आणि वस्त्रे मिळाली की त्या फितुराच्या बायकोला गडाखाली काढतो."

अंतोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगाची वाटी त्या हसऱ्या तोंडावर भिरकवावी असे त्याच्या हाताला वाटले. पण एक शब्द त्याच्या कानात अडकून राहिला होता: हरताळ.

"जशी आज्ञा," तो म्हणाला.

दुपारी हैबतरावांच्या पत्नी सगुणाबाई सदरेवर आल्या. भिंतीवर नवऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळा डाग होता.

"अंतोबा, तुम्हीसुद्धा?"

"बाईसाहेब, मला माझे काम करू द्या."

"करा ना. ज्या हाताने त्यांना उभे केलेत त्याच हाताने पुसा. आणि रंग उरलाच तर माझ्या दारावर 'फितुराची बायको' एवढे लिहून टाका. अक्षर फार सुरेख आहे तुमचे!"

त्यांना मनातला बेत सांगावा असे अंतोबाच्या ओठांवर आले होते. पण त्यांच्या डोळ्यांत जरा जरी समाधान दिसले असते, तरी जैतोजीला संशय आला असता. बाई तडक निघून गेल्या.

मग तो ते करायला बसला, जे त्याच्या बापाने त्याला जन्मात करू दिले नसते. पिवळा हरताळ आणि पांढरा सफेदा या दोन वाट्या त्यांच्या घरात वेगवेगळ्या कोनाड्यांत असत, कारण दोन्ही एकत्र आले आणि त्यांना दमट हवा लागली की रंग काळा पडतो. अंतोबाने दोन्ही एका वाटीत ओतले, डिंक घालून कालवले. त्या मिश्रणाने जैतोजीचा चेहरा सोन्यासारखा उजळला. जैतोजी बेहद्द खूश झाला. त्याने स्वतःच्या हाताने पडदा ओढला आणि समोर पहारा बसवला.

पावसाळा आला आणि गेला. पडद्याआड काय झाले असेल, हे अंतोबालाही ठाऊक नव्हते. गडावरची माणसे त्याला पाहून थुंकत; स्वतः मुकाट राहिलेली माणसे! पळून जायला वाट मोकळी होती. तो गेला नाही.

दसऱ्याला सदर खच्चून भरली. सरकार मसनदीवर बसले. वस्त्रांचे तबक पुढे आले. जैतोजीने मुजरा करून पडद्याची दोरी ओढली.

पागोटे पिवळेधमक होते. तलवारीचे पाते पांढरेशुभ्र होते. त्या दोहोंच्या मध्ये तोंड मात्र तव्याच्या बुडासारखे काळे ठिक्कर पडले होते.

जैतोजी क्षणभर चळला, पण लगेच सावरला.

"ओल, सरकार! यंदा पाऊस फार झाला, भिंतीला ओल धरली." मग वळून, डोळे रोखून, "सांगा अंतोबा, ओलच ना?"

एक 'होय' म्हटले की जीव वाचत होता. पण मग ते काळे तोंड पावसाच्या नावावर गेले असते, आणि सगुणाबाई गडाखाली. अंतोबाने बायकांसमोर सोडलेल्या चिकाच्या पडद्याकडे पाहिले. त्याच्यामागे त्या बसल्या होत्या.

"ओल असती तर साऱ्या भिंतीला असती, सरकार," तो पुढे येऊन म्हणाला. "नुसता हरताळ पिवळाच राहिला, पागोटे पाहावे. नुसता सफेदा पांढराच राहिला, तलवार पाहावी. चेहऱ्यात मी दोन्ही कालवले, काळे पडावे म्हणून. जाणूनबुजून कालवले. ज्याने दिंडी उघडली त्याचे तोंड मी काळे केले!"

जैतोजीची तलवार म्यानाबाहेर आली ती सरकारांदेखत. अंतोबाने उजवा हात आडवा धरला, आणि तो मनगटापासून तुटून सदरेच्या जमिनीवर पडला.

"धरा त्या नायबाला!" सरकार गरजले. "दिंडी कोणी उघडली? पाहिलेला कोणी आहे की नाही या गडावर?"

तेव्हा कुठे दिंडीचा पहारेकरी धारोजी बोलला, "अडसर नायबांनी काढला, सरकार. मी पाहिले." मग दुसरा बोलला, मग तिसरा, मग सारी सदर कल्ला करू लागली. माघापासून कुठे होती ही तोंडे? एक हात तुटून पडेतो त्यांना वाचा फुटली नाही, आणि फुटली तेव्हा काय तो आवेश!

जैतोजी बेड्यांत गडाखाली गेला. हैबतरावांचा सरंजाम सगुणाबाईंकडे राहिला. अंतोबाची जखम भरल्यावर सरकारांनी विचारले, भिंतीवर किल्लेदारांना पुन्हा काढायला राजधानीतून चितारी धाडू का?

"त्याने त्यांना पाहिलेले नाही," अंतोबा म्हणाला.

काळ्या तोंडाला त्याने हात लावला नाही. शेजारच्या कोऱ्या गिलाव्यासमोर तो डाव्या हातात कुंचला धरून बसला. वाटी धरायला हात नव्हता. ती सगुणाबाईंनी धरली.

"अंतोबा, त्या दुपारी मी जे बोलले..."

"तुम्हांला खरे वाटले म्हणूनच जैतोजीलाही खरे वाटले, बाईसाहेब. वाटी जरा वर घ्या."

चेहरा वाकडा आला. एक डोळा वर, एक खाली. मिशी गालावर गेलेली. सगुणाबाईंनी तो पुष्कळ वेळ पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला. पुढे त्या सदरेवर किती किल्लेदार आले आणि गेले. पण हे चित्र कोणाचे, असे करंजगडावर कधी कोणाला विचारावे लागले नाही.