काचेतली ऊब

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही. घरातली ऊब कुठून गळते ते कॅमेऱ्याने शोधायचं, हे त्याचं काम. आम्ही चिडवायचो, लग्नातसुद्धा हा नवरीआधी भिंतीला हात लावून बघेल!

शेगडीपुढे हात धरला की न शिवता शेक लागतो ना? ते अवरक्त किरण. डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येक गरम वस्तूतून निघतात. त्याचा कॅमेरा ते पकडतो. गरम ते नारिंगी, गार ते निळं.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री पावणेदोनला त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, बाळ गार पडतंय रे. हीटर लावलाय, तरी खोली तापेना. मला फार भीती वाटतेय.”

हा लगेच कॅमेरा घेऊन धावला. भिंती पाहिल्या, छत पाहिलं, दाराची फट पाहिली. कुठेच गळती नाही. हीटर लालबुंद. मग एवढी ऊब जाते कुठे? बहीण दूध गरम करायला आत गेली होती, बाळ पाळण्यात. त्याने कॅमेरा खिडकीच्या बंद काचेकडे वळवला.

काचेत नारिंगी आकृती. कुणीतरी वाकलेलं.

“अगं, बाल्कनीत कोण उभंय?”

“बाल्कनी कुठली, दादा? तिसरा मजला आहे हा.”

त्याने कॅमेरा खाली केला. मग आठवलं... गिऱ्हाइकांना रोज सांगायचा तेच. हा कॅमेरा काचेपलीकडचं पाहू शकत नाही. ते किरण काचेतून जातच नाहीत. आरशावरून फिरावेत तसे मागे फिरतात.

म्हणजे... ते बाहेर नव्हतं. काचेत दिसलं ते खोलीतलंच प्रतिबिंब, आणि हा तर ताठ उभा होता.

तो वळला. पाळणा. बाळ. बाकी कुणी नाही.

निदान डोळ्यांना.

...

पहाटे भाऊ, त्याची बहीण, बाळ, तिघं माझ्या दारात. अनवाणी. बाळ दूध प्यायलं, गालांवर रंग आला, तेव्हा कुठे त्या माउलीला रडू फुटलं. मी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. छान ऊबदार.

भावाने कॅमेरा धरला. मग पडदा माझ्याकडे केला.

नारिंगी पाठ... तिच्यावर निळा पंजा. पाच बोटं.

पाळण्यातली ती पोर आता तुमच्याएवढी आहे. परवाच पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं आम्ही.

पंजा अजून तेवढाच निळा आहे.