नकाशातून गेलेला ओटा

देवनहळ्ळीच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी घाईघाईत शिरले आणि दारातच एका उंच माणसावर आदळले. त्याच्या हातातली वर्तमानपत्रं जमिनीवर, माझा मोजायचा टेप टेबलाखाली!

"अगं बाई! ... क्षमिसि, क्षमिसि..." मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये माफी मागितली.

"मराठीतच माफी मागा की," तो हसला. "इथे चालतं."

तो श्रीकांत, तिथला ग्रंथपाल. घर मराठी, पण पणजोबांपासून इथलंच. मी कस्तुरी, नागपूरची आर्किटेक्ट. शेतांच्या जागी घरांचे लेआउट उभे राहत होते, लोक वाढत होते. त्यांच्यासाठी नव्या वाचनालयाचा आराखडा मी करत होते.

मग दर शनिवारी जाऊ लागले. कोण कुठे बसतं, दुपारचं ऊन कुठवर येतं... तो सांगायचा, मी काढायची.

"बाकी काही करा, पण दारापाशी एक ओटा हवाच. इथल्या म्हाताऱ्या अज्जांना जिना चढवत नाही. बसून पेपर तरी वाचतील. मी शब्द दिलाय त्यांना."

"आणि ग्रंथपालांना काय हवं?"

"स्वल्प मोठी खिडकी," माझ्याकडेच बघत तो म्हणाला. "आणि तिच्यातून रोज दिसणारं... कुणीतरी."

माझी रेघ वाकडी गेली ती गेलीच.

मार्चमध्ये वाचनालयाच्या समितीला ओट्याच्या जागी पार्किंग हवं झालं. मी भांडायला हवं होतं. बदललेल्या नकाशावर सही करून मोकळी झाले.

त्या शनिवारी सांगायचं ठरवूनच गेले. पण त्याने माझ्यासाठी स्वतः चित्रान्न करून आणलं होतं. भातात लिंबू जरा जास्तच पिळलेलं... तो इतका खुशीत होता, की म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू. तो शनिवारही तसाच गेला.

शेवटी नकाशा भिंतीवर लागला. म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभा राहून त्याने तो पाहिला. एकदाच माझ्याकडे वळून बघितलं. महिन्याभरात त्याने आनेकलच्या वाचनालयात बदली मागून घेतली. मला फोन करायचं धाडस झालं नाही.

दीड वर्षाने उद्घाटन झालं. सगळे वास्तूचं कौतुक करत होते, आणि खाली दोन अज्जा गाड्यांच्या मधे उभ्यानेच पेपर वाचत होते. मी तिथूनच आनेकलची बस धरली.

"माझं चुकलं," त्याच्या टेबलासमोर उभी राहून मी म्हणाले. "तुम्ही रागवाल म्हणून... लपवलं."

"रागावलोच असतो. कडाडून भांडलो असतो." तो पुस्तकावर शिक्का मारत होता, तो हात थांबला. "आणि भांडण संपलं, की लग्नाचं विचारणार होतो. अम्माला सांगूनही ठेवलं होतं."

"...आणि आता?"

त्याने शिक्का बाजूला ठेवला.

"आता तुम्ही गप्प असलात ना कस्तुरी, की मला भीतीच वाटेल. असं नाही जगता येणार."

त्याने मला बसपर्यंत सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. बस सुटली तेव्हा मी हात हलवला. त्यानेही हलवला... जरा उशिराच.