गुलाबी बरणी

ती गुडघाभर चिखलात रुतली होती आणि दोन्ही हात वर करून उभी होती. दोन्ही हातांत बाटल्या. काठाने येणारा तो थबकलाच. सरोवराच्या पाण्याची पातळी रोज मोजून वहीत लिहायची, ही त्याची नोकरी. तिथे माणूस दिसणं हेच नवल.

"हात द्या," तो म्हणाला.

"आधी बाटल्या घ्या!"

"आणि तुम्ही?"

"मी काय, धुतली की स्वच्छ. नमुना सांडला की संपला."

त्याने मुकाट्याने बाटल्या घेतल्या, मग तिला ओढून काढलं. हात मात्र दोघांनीही जरा उशिराच सोडला...

त्या खाऱ्या, साबणासारख्या बुळबुळीत पाण्यात कोणकोणते जिवाणू नांदतात, याचा ती अभ्यास करत होती. त्या दिवसापासून ती त्याच्या होडीतून नमुने आणू लागली आणि त्याच्या कचेरीच्या खिडकीत तिच्या बरण्यांची रांग लागली. तो तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. प्रबंध अजून पुरा व्हायचा होता, तरी ती खुशाल ऐकून घ्यायची.

"इथे मासासुद्धा टिकत नाही," तो एकदा म्हणाला. "आणि तुम्ही म्हणता, एका थेंबात शेकडो जाती?"

"त्यांना इथेच करमतं."

"आणि तुम्हाला?"

ती बाटलीवर चिठ्ठी चिकटवत राहिली. चिठ्ठी साफ तिरकी चिकटली.

बरण्यांत एक तिची लाडकी होती. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पाण्याला आठ महिन्यांनी त्या बरणीत गुलाबी रंग चढला होता. तो रंग देणारी जिवाणूंची जात दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिच्यावरच उभं राहायचं होतं. ते झालं की महिनाअखेरीला ती जाणार. दोघांनाही हे ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

मग तिची बहीण बाळंत झाली. आठवडाभरासाठी निघताना ती म्हणाली, "गुलाबीकडे लक्ष ठेवाल ना?"

ठेवलं. अगदी जिवापाड ठेवलं, आणि तिथेच घात झाला.

ती परतली तेव्हा तो दारातच उभा होता. "आत जाण्याआधी ऐका. उन्हाने बरणीतलं पाणी आटत होतं. म्हणून मी रोज आटलं त्याहून कितीतरी जास्तच घालत गेलो... पिण्याचं. गाळून."

ती धावतच आत गेली. बरणी नितळ झाली होती. ती मटकन खुर्चीत बसली. "गोड्या पाण्यात ते फुगतात हो... आणि फुटतात. गेले सगळे."

तिने बरणी उजेडात धरून फिरवून पाहिली, मग खाली ठेवली.

"तळ्यातलं पाणी भरून गप्प बसला असतात, तर आपोआप मेले असंच मला वाटलं असतं," ती म्हणाली.

"तुमच्याशी खोटं बोलणं नाही जमणार मला."

"मी इथे राहावं म्हणून मुद्दाम तर नाही ना केलंत?"

"मुद्दाम करायला गेलो असतो, तर इतकं सफाईने जमलं असतं का?"

तिला रडू कोसळलं आणि भर रडण्यात हसूही फुटलं. स्वतःचाच राग आला होता तिला. काय घालायचं नाही, हे तिने तरी कुठे सांगितलं होतं? तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना फोन करून चूक आपली म्हणून सांगितली. सरांनी बोल लावले, पण एक वर्ष वाढवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पुन्हा उत्तरेच्या कोपऱ्याकडे निघाली. तो खाली मान घालून वल्ही मारत होता.

"बोला की काहीतरी."

"माझं काय चुकलं, ते रात्रभर घोळत होतं डोक्यात. मला जे चांगलं वाटतं, ते मी ओतत गेलो. त्यांना काय सोसतं, हे विचारलंच नाही." वल्ही थांबली. "आता विचारल्याशिवाय काही करायचं नाही. म्हणून विचारतो... मला तुम्ही फार आवडता. वर्षाने तुम्ही जाल, तेव्हा मी तिकडे आलेलं चालेल? की जाच होईल?"

तिच्या हातातली बाटली कधीच भरली होती. ती तशीच पाण्यात धरून ती विचार करत बसली. घाईने उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि त्याला हे ठाऊक होतं. तो थांबला.

"मला काय सोसतं, ते मलाही अजून पुरतं कळलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "पण तुझ्याशिवाय नाही सोसायचं... एवढं कळलंय."